स्पीकरची घरघर

२ जानेवारी

स्पीकर उघडले. निरोप समारंभात मिळालेले. तीस वर्षं नळाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल सांभाळलं त्याची पावती. साहेब भाषणात म्हणाले, यांनी जेवढे नळ पास केले त्याहून जास्त परत पाठवले. सगळे उभे राहिले. स्टोअरकीपरने तर शिट्टी वाजवली. माझ्या जागेवर अजून कोणाला घेतलेलं नाही म्हणे. माझ्या तोडीचा मिळत नसणार.

संकल्प: रोज सकाळी तासभर निवांत गाणी ऐकायची. आयुष्यात हेच राहून गेलं.

स्पीकर हिच्या कॉम्प्युटरला जोडले. ही बोलण्याचे उपचार करते. तोतरी मुलं, पॅरालिसिसने वाचा गेलेली माणसं यांना स्क्रीनवरून बोलायला शिकवते. दिवसभर समोरच्या खोलीत 'प, फ, ब, भ' चालू. त्यामुळे माझ्या तासाला जरा संस्कारही होतील त्या यंत्रावर.

गाणं लावण्याआधी सहज कान दिला. घूंऽऽऽ.

दुसरा म्हणाला असता, असू दे. मी आजवर एकही 'असू दे' पास केलेला नाही. संध्याकाळपर्यंत काढतो.

२ जानेवारी, संध्याकाळ

निघालं नाही. उद्या सकाळी पहिलं काम. वीज म्हणजे शेवटी पाण्यासारखीच. आणि कुठून गळतंय हे मला कोणी शिकवायला नको.

४ जानेवारी

केबल बदलली. घूं. ट्यूबलाइट बंद केली. घूं. पंखा बंद. घूं, आणि घाम. नवीन शोध: माउस हलवला की घूंच्या वर किर्रर्र येते. म्हणजे शत्रू एक नसून दोन आहेत.

ही म्हणाली, अहो, एकदा गाणं लावून तर बघा.

लावलं. गाणं चालू असताना काहीच ऐकू येत नाही! हेच तर भयंकर. आवाज गाण्याच्या मागे दडून बसतो. हिला समजावलं, चोर दिसत नाही म्हणजे तो घरात नाही असं नसतं. ही म्हणाली, पण त्याने नेलं काय? उत्तर द्यायच्या लायकीचा प्रश्न नव्हता. गाणं अर्ध्यात बंद केलं.

६ जानेवारी

केबल चांदीच्या कागदात गुंडाळायची कल्पना सुचली आणि लगेच अमलात आणली. त्यासाठी कॉम्प्युटरचा प्लग काढला.

त्याच वेळी हिचं काम चालू होतं. एक रिटायर्ड बस ड्रायव्हर आहे. झटक्यानंतर एक शब्द बोलता येईना. मागचा पावसाळा संपल्यापासून ही त्याच्याकडून त्याच्या बायकोचं नाव म्हणवून घेतेय. नाव 'सु'ने सुरू होतं. आज पहिल्यांदाच त्याने 'सु' म्हटलं. बायको शेजारी बसली होती म्हणे. पुढचं अक्षर ओठांवर आलं आणि स्क्रीन काळी.

मी म्हटलं, 'सु'पर्यंत आला ना, म्हणजे निम्मं काम झालंच.

हिने प्लग पुन्हा लावला. पटलं असावं.

चांदीचा कागद लावूनही घूं आहेच, पण पूर्वीसारखी उर्मट नाही.

८ जानेवारी

ड्रायव्हरने क्लास बंद केला. आता स्क्रीनसमोर बसायचं म्हटलं की मान फिरवतो म्हणे. हिला म्हटलं, जाऊ दे, एक पेशंट कमी झाला, तेवढाच तुझ्या घशाला आराम. हिने चहा टेबलावर ठेवला. ठेवताना जरा आपटला. कप आपटल्यावर स्पीकरमध्ये काही फरक पडतो का ते पाहिलं. पडत नाही.

११ जानेवारी

लेक आली. शहराच्या पलीकडच्या टोकाला एकटी राहते, नोकरी करते, रविवारची येते. आल्या आल्या म्हणाली, बाबा, हे काय, कॉम्प्युटर या भिंतीच्या सॉकेटला आणि स्पीकर त्या भिंतीच्या? मी समजावून सांगणार होतो की वजन दोन्ही भिंतींवर सारखं विभागलंय, तेवढ्यात तिने दोन्ही प्लग काढून एकाच बोर्डात खोचले.

घूं गेली.

बाईसाहेब हात झटकून म्हणाल्या, आई, काही खायला आहे का?

असं कोणी करतं का? ना निरीक्षण, ना नोंद, ना कारणमीमांसा. दोघी स्वयंपाकघरात हसत होत्या. मी म्हटलं, तात्पुरतं आहे हे. लेक म्हणाली, बाबा, आता गाणं लावा. मी म्हटलं, आधी तपासणी.

१२ जानेवारी

माझंच खरं ठरलं! व्हॉल्यूम पूर्ण वर नेला, काहीही न लावता, आणि जाळीला कान टेकवला. स्सस्स. अगदी बारीक. कांदा फोडणीत पडून बराच वेळ झाल्यावर येतो तसा.

लेकीला फोन केला. तिने विचारलं, खुर्चीत बसून ऐकू येतं का? मी म्हटलं, नळ गळतो की नाही हे कोणी सोफ्यावर बसून बघतं का? म्हणाली, मीटिंगमध्ये आहे.

आज बरं वाटलं. काम हातातून जातंय की काय अशी भीती वाटली होती.

१५ जानेवारी

इंटरनेटवर ध्वनिप्रेमींचा एक ग्रुप सापडला. शेवटी आपल्यासारखी माणसं भेटली. सविस्तर लिहून कळवलं. एकाने उत्तर दिलं, 'काका, गाणी ऐका.' असले लोक ग्रुपमध्ये घेतात कसे? पण दुसरा एक अधिकारी माणूस दिसतो. 'पवित्रकान' या नावाने लिहितो. त्याने सांगितलं, केबल जमिनीला टेकली की जमीन तिच्यातला गोडवा शोषून घेते. तिच्याखाली सोललेले कच्चे बटाटे ठेवा. बटाटा पाणीदार असल्याने हिस्स, म्हणजे आपला स्सस्स, पिऊन टाकतो.

शास्त्रीय वाटतं.

१६ जानेवारी

सगळे बटाटे सोलले. केबलखाली एका ओळीत मांडले. फोटो पाठवला. ग्रुपवर इतका आनंद झाला की हसऱ्या चेहऱ्यांची रांग संपेना. पवित्रकान यांनी लिहिलं, 'तुम्ही इतिहास घडवलात.' दुपारी त्यांनी विचारलं, बटाटे चाखून पाहिले का? हिस्स पिऊन खारट झाले असतील. चाखले. किंचित खारट आहेत. तसं कळवलं. पुन्हा आनंद.

हिने विचारलं, जेवायला काय करू? बटाटे तुम्ही घेतलेत. मी म्हटलं, एक दिवस संशोधनासाठी उपास घडला तर बिघडत नाही. ती जेवली होती की नाही लक्षात नाही. मी बटाट्यांपाशी होतो.

२० जानेवारी

बटाट्यांना वास. काढले. फरक पडला होता, पण टिकाऊ नव्हता.

ही म्हणाली, एकदा कान दाखवून घ्या. म्हणजे दोष माझ्यात! नाचता येईना, अंगण वाकडं. पण हिच्या समाधानासाठी गेलो. कानाच्या डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. सगळ्या ऐकू आल्या. डॉक्टर म्हणाले, या वयात असे कान क्वचित पाहतो. मी हिच्याकडे पाहिलं. डॉक्टरही तिच्याकडे पाहून म्हणाले, ऐकू सगळं येतं यांना.

ही म्हणाली, तेच तर.

हार मानली बिचारीने.

२३ जानेवारी

मोठा शोध. अधूनमधून स्पीकरमध्ये 'टक' होतं. आधी लक्ष गेलं नव्हतं, कारण स्सस्सकडे होतं. खिडकीत उभा राहिलो तर टक झालं की लगेच खालून घर्रर्र सुरू होते. खालच्या मजल्यावर डेंटिस्टबाईंचं क्लिनिक. त्यांचा कॉम्प्रेसर! तो सुरू झाला की माझ्या लाइनमध्ये टक. तो बंद होताना पुन्हा टक. म्हणजे लोकांच्या दाढा कोरायच्या त्यांनी आणि त्रास माझ्या डाव्या स्पीकरने सोसायचा.

खाली जाऊन त्यांना सौम्य शब्दांत सांगितलं, कॉम्प्रेसर बंद ठेवा. त्या म्हणाल्या, मग मी काम कशाने करू? मी म्हटलं, पूर्वी हाताने करतच होते की लोक. वेटिंग रूममध्ये गालाला फडकं बांधून एक माणूस बसला होता, तो उठून गेला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत आदर होता असं म्हणता येणार नाही. पण तो हळूहळू येतो. कारखान्यातही हळूहळूच यायचा.

२५ जानेवारी

पुढच्या रविवारी साडू आणि मेहुणी येणार. मीच बोलावलं. साडूंच्या घरी भिंतीएवढा टीव्ही आहे. गेलं की रिमोट हातात घेऊन बसतात आणि मला दाखवतात. आता मी ऐकवणार. खास शांतता-श्रवण. आधी शुद्ध शांतता, मग गाणं. तोपर्यंत टक आणि स्सस्स दोन्ही संपवणं भाग आहे.

हिला सांगितलं. ही म्हणाली, माझ्या बहिणीला बोलावताय, मला विचारावंसं नाही वाटलं? म्हटलं, आता सांगतोय ना.

२७ जानेवारी, सकाळ

योजना पक्की. खालच्या मीटर रूममध्ये प्रत्येकाचा मेन स्विच आहे, वर नावं आहेत. क्लिनिकचा थोडा वेळ बंद करायचा, वर येऊन कान लावायचा. कारण सिद्ध झालं की सोसायटीला लेखी कळवायचं.

ही निघताना काहीतरी म्हणाली. कॅनॉल की चॅनल. मी विचारलं, डावा की उजवा? म्हणाली, उजवा, खालचा. म्हणजे ही पण आता लक्ष घालायला लागली. उजव्या स्पीकरला खालून जरा कमी येतं हे माझ्याही ध्यानात नव्हतं आलं.

२७ जानेवारी, दुपार

स्विच बंद केला. वर आलो. कान लावला. टक नाही! पूर्ण खात्री व्हावी म्हणून जरा जास्त वेळ थांबलो. मग चहा केला. चहा पिताना पुन्हा ऐकलं. टक नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनासारखं काहीतरी घडलं. खुर्चीत डोळे मिटून बसलो. जरा डोळा लागला असावा.

दार धाडधाड वाजलं. सोसायटीचे सेक्रेटरी. सोबत क्लिनिकची रिसेप्शनिस्ट. सेक्रेटरी म्हणाले, स्विच तुम्ही बंद केलात? मी म्हटलं, हो, आणि निष्कर्ष उत्तम आहे. रिसेप्शनिस्ट म्हणाली, आत पेशंटचं रूट कॅनॉल चालू होतं. दाढ उघडी. भुलीचा असर उतरत आला. अंधार. बाईंनी मोबाइलच्या उजेडात एका हाताने काम धरलं आणि दुसऱ्या हाताने पेशंटचा हात.

मी म्हटलं, पेशंटने थोडं सहन करायला शिकलं पाहिजे.

रिसेप्शनिस्ट म्हणाली, तुमच्या मिसेस आहेत त्या.

२७ जानेवारी, संध्याकाळ

ही आली. अर्धा चेहरा सुजलेला, बोलता येत नाही. घर एकदम शांत. मोजमापाला आदर्श स्थिती.

मी म्हटलं, तू सांगायचंस ना. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वही ओढली आणि लिहिलं, 'सांगितलं होतं.' मी म्हटलं, चॅनल म्हणालीस. तिने पेन खाली ठेवलं.

तरी सांगितलं तिला, टक गेलं होतं.

३० जानेवारी

कमिटीची मीटिंग. माझ्यावर बरंच बोललं गेलं. मी मुद्देसूद उत्तरं दिली, कोणी ती लिहून घेतली नाहीत. ठराव झाला की मीटर रूमला कुलूप लावायचं. माझ्या एका प्रयोगामुळे इमारतीची सुरक्षा वाढली. आभार मानायचं कोणाला सुचलं नाही, पण मी तसा अपेक्षा ठेवणारा माणूस नाही.

ही मीटिंगला आली होती. डेंटिस्टबाईंच्या शेजारी बसली. तिथूनही माझं बोलणं नीट ऐकू जात असणार.

१ फेब्रुवारी

शांतता-श्रवण पार पडलं. सविस्तर लिहितो.

लेक सकाळीच आली. साडू आणि मेहुणी दुपारी. चहा-बिस्किटं आटपली. मग सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं. मोबाइल बंद करायला लावले. पंखा, ट्यूबलाइट, फ्रीज बंद. रविवार असल्याने क्लिनिकही बंद. परिस्थिती इतकी अनुकूल पुन्हा येणार नाही. साडूंनी विचारलं, गाणं कधी? मी ओठांवर बोट ठेवलं. व्हॉल्यूम पूर्ण वर नेला आणि म्हटलं, आता फक्त ऐका.

शांतता. साडू छताकडे बघत होते. मेहुणीचा पदराशी चाळा. लेक आईकडे बघत होती. मी जाळीपाशी. आणि काय सांगू, स्सस्स जवळजवळ नव्हता. जवळजवळ गेलाच होता. आता बोलावं, सगळ्यांना जवळ बोलवावं, एवढ्यात ही बोलली.

म्हणाली, सगळे आहात म्हणून सांगते. उद्यापासून मी काम खाली नेतेय. डेंटिस्टबाई मागची खोली देतायत. आणि राहायला मी लेकीकडे जातेय. आज, हिच्याबरोबरच.

नेमकं त्या क्षणी! आधी नाही, नंतर नाही. मी हात वर केला आणि म्हटलं, झालं, बिघडली, आता पुन्हा पहिल्यापासून. सगळे तसेच बसा. लेक म्हणाली, बाबा, आई काय म्हणाली ते कळलं का तुम्हाला? मी म्हटलं, कळलं, ते नंतर बघू, आधी हे होऊ दे.

दुसऱ्यांदा सुरू केलं तर मेहुणीला रडू फुटलं. हुंदका खालच्या पट्टीत असतो, खोलीभर पसरतो. मोजमाप अशक्य. साडू उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. टीव्हीचा विषय काढायची त्यांची हिंमत झाली नाही, एवढं मात्र खरं.

गाणं ऐकवायचं राहूनच गेलं.

हिची बॅग भरलेलीच होती. कधी भरली कोण जाणे. मी घरातच होतो.

२ फेब्रुवारी

कॉम्प्युटर न्यायला क्लिनिकचा माणूस आला. ही स्वतः आली नाही. कॉम्प्युटर तिच्या कामाचा, त्यामुळे प्रश्न नव्हता. वायर गुंडाळताना पिळू नको, हे मीच त्याला दाखवलं. त्याने विचारलं, स्पीकर पण? मी म्हटलं, नाही, ते माझे.

ही थोडे दिवस हवापालट करून येईल. लेकीचं घर लहान आहे, बाल्कनी रस्त्यावर. तिथे कोणी राहू शकत नाही.

७ फेब्रुवारी

स्पीकर मोबाइलला जोडले. कान लावला. स्सस्स नाही. घूं नाही. किर्र नाही. टकसुद्धा नाही, खाली कॉम्प्रेसर घरघरत असताना!

दिवसभर बेचैन. असं एकदम कसं जाईल? काहीतरी लपवलं जातंय. मोबाइल कंपन्या फिल्टर लावत असणार. ग्रुपवर विचारलं. पवित्रकान यांनी लिहिलं, 'काका, आता तरी बटाटे खा.' रूपक असावं. कळलं नाही.

गाणं लावणार होतो, पण एकट्याने काय ऐकायचं.

१६ फेब्रुवारी

ही रोज येते. म्हणजे याच इमारतीत. खिडकीतून दिसते. बस स्टॉपवरून चालत येते, डबा हातात, गेटवर वॉचमनशी दोन शब्द बोलते, हसते आणि खाली आत जाते. संध्याकाळी निघते. वर येत नाही.

लिफ्टचा प्रॉब्लेम असणार. सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, लिफ्ट चालू आहे. मी म्हटलं, नीट तपासा.

लेकीला फोन केला, आई कशी आहे? म्हणाली, झोप लागते आता. मी म्हटलं, रस्त्याचा आवाज नाही का येत? म्हणाली, येतो.

२१ फेब्रुवारी

खाली गेलो. प्रत्यक्ष बोललं की गैरसमज दूर होतात. रिसेप्शनिस्ट म्हणाली, मॅडम फक्त पेशंटना भेटतात. तुमची वाचा गेलीय का? मी म्हटलं, माझी वाचा उत्तम आहे. म्हणाली, मग दात दाखवून घ्या, नाहीतर वर जा.

दात दाखवायला बसलो.

डेंटिस्टबाईंनी तोंडात आरसा घातला, टोचलं आणि म्हणाल्या, कीड आहे, बरीच जुनी, आजच कोरून घ्या. दुखलं कसं नाही तुम्हाला? मी सांगणार होतो की माझं लक्ष दुसरीकडे होतं, पण तोंडात कापूस आणि नळी. भुलीचं इंजेक्शन दिलं. सगळा जबडा लाकडाचा झाला.

मग पलीकडून हिचा आवाज आला. मधली भिंत नुसती प्लायवूडची. एक लहान मुलगा होता बहुतेक. एकाच अक्षरावर अडकला होता. म म म म. तसाच बराच वेळ. मला वाटलं आता ही शब्द पूर्ण करून देईल. नाही दिला. म्हणाली, घाई नाही रे राजा. मी ऐकतेय.

पुन्हा म म म. मग पुन्हा ही, तितक्याच सावकाश. मी ऐकतेय.

मी हाक मारली. तोंडातून नुसतं आ आ आलं. डेंटिस्टबाई म्हणाल्या, हलू नका. मी आणखी जोरात आ केलं. पलीकडे हिने विचारलं, बाई, तुमचा पेशंट ठीक आहे ना? बाई म्हणाल्या, ठीक आहे, बोलायची घाई झालीय त्यांना. ही म्हणाली, दार ओढून घेते मग. आणि घेतलं.

प्लायवूड अगदी हलकं वापरलंय. साउंड इन्सुलेशन शून्य. बाईंना सांगायचं होतं, पण जीभ वळेना. डोळ्यांतून पाणी येत होतं. भुलीत येतं तसं.

२८ फेब्रुवारी

स्पीकर विकायचे ठरवले. निर्णय पूर्ण विचारांती. दोष शोधून संपले की वस्तू ठेवण्यात अर्थ नाही.

एक जोडपं आलं, नवीनच लग्न झालेलं. दोन गल्ल्या सोडून राहतात. मी सुरुवातीपासून सगळं सांगायला बसलो. घूं, किर्र, टक, स्सस्स, कोणता केव्हा, कशामुळे. प्रामाणिकपणा महत्त्वाचा. ती मुलगी म्हणाली, काका, एक गाणं लावून बघू? लावलं. पूर्ण लावलं, शेवटपर्यंत. मध्ये तो गुणगुणायला लागला तर तिने त्याला कोपर मारलं आणि मग स्वतःच गुणगुणली. मला कुठे बघावं कळेना. स्पीकरकडे बघत बसलो.

तो म्हणाला, मस्त वाजतात की, का विकताय? मी म्हटलं, जाळीला कान लावून ऐका. त्याने लावला. तिने लावला. म्हणाले, काही नाही काका. मी म्हटलं, सवय लागते. येईल ऐकू.

घेऊन गेले. टेबलावर दोन चौकोन राहिलेत, धूळ नसलेले.

१ मार्च

त्यांना फोन केला. काही आवाज येतो का? म्हणाला, नाही काका, छान आहे. नीट ऐकलंत का? हो काका.

२ मार्च

त्यांना फोन केला. तिने घेतला. म्हणाली, नाही काका, काही येत नाही. तुम्ही काळजी करू नका. मागून गाणं ऐकू येत होतं. म्हटलं, जरा बंद करून मला फोनवरून ऐकवा. फोन कट झाला. नेटवर्क.

३ मार्च

फोन लागत नाही. दोघांचाही. एकाच वेळी दोन हँडसेट बिघडणं शक्य नाही, म्हणजे टॉवरचा दोष.

४ मार्च, संध्याकाळ

स्वतः गेलो. वस्तू दिली म्हणजे जबाबदारी संपत नाही. टेस्टर, टेप, लहान स्क्रू-ड्रायव्हर बरोबर घेतले होते. दुसरा मजला. जिन्यातच गाणं ऐकू आलं. आतमध्ये कोणीतरी पाहुणे होते, हसणं चालू होतं. दाराबाहेर उभं राहून नीट कान दिला. कानोसा नाही, तपासणी. दोन्ही चॅनल समान. उजव्यात खालची पट्टी भरपूर. गाण्याच्या मागे काही लपलेलं नव्हतं. नुसतं गाणं होतं.

बेल दाबली. आतलं हसणं थांबलं. ती हळू आवाजात म्हणाली, तेच असतील, उघडू नकोस. मग गाणं मोठं झालं.

पुन्हा दाबली. उभा राहिलो. जिन्यातला दिवा गेला, पुन्हा लावला. पुन्हा दाबली.

बेलचं कनेक्शन लूज आहे त्यांच्या. आत वाजतच नसणार.